गुळातली गोळी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. त्याआधी कुठलंही सरकारी काम निघालं की उस्मानाबादची एस.टी. धरावी लागे. आता कलेक्टर आपल्याच गावात बसणार म्हणून लोकांना कोण आनंद झाला होता. नव्या पाट्या रंगत होत्या, खोल्यांची भाडी चढली होती, आणि माझ्या नवऱ्याची अहमदपूरहून लातूरच्या नव्या कचेरीत बदली झाली होती. हुद्दा कारकुनाचाच, पण जिल्ह्याच्या कचेरीतला. तो घरातसुद्धा जरा ताठ चालायला लागला होता. "साहेब, चहा टाकायला हुकूम आहे का?" असं मी विचारायची, आणि तो खरोखर क्षणभर विचार करायचा.

पाऊस मात्र जिल्हा झाला म्हणून काही आला नाही. सलग दुसऱ्या वर्षी त्यानं पाठ फिरवली होती. बाजारात भाजी येत नव्हती, आली तर जून भोपळा आणि सुकलेली गवार. अशात मला दिवस राहिले.

मी तिथल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. पाचव्या महिन्यापासून मला पाटीवरच्या पेन्सिली खायची चटक लागली. पोरं पेन्सिल हरवली म्हणून रडायची आणि बाई तोंड पुसून फळ्याकडे वळायच्या. चार पायऱ्या चढले की धाप लागे. नखं पांढरीफटक पडली होती. अंगात रक्त कमी असलं की अशी माती नि पेन्सिली खावीशी वाटतात, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी त्याला डोहाळे म्हणत होते आणि शेजारणी कौतुकानं हसत होत्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. तरी नवरा म्हणाला, दवाखाना इथं हाकेच्या अंतरावर आहे, कशाला जातेस? सासू तर अहमदपूरहून मुद्दाम सांगायला आली, "खेड्यात प्यायला पानी न्हाई, तिथं बाळंतिणीचं कोन करंल?" मी कुणाचं ऐकलं नाही. मला माझी आई हवी होती. आम्ही तिला माय म्हणत असू. रेणापूरच्या पुढं आमचं गाव. सातव्या महिन्यात मी एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकवून तिथं गेले, आणि फाट्यावर तिला उभी पाहिली तेव्हा वाटलं, आता आपल्याला कशाची फिकीर करायची नाही.

माझ्या आधी त्याच घरात माझ्या थोरल्या बहिणीचं बाळंतपण झालं होतं. तिला मी अक्का म्हणायची. ते वर्ष चांगलं होतं. म्हैस दूध देत होती, कणग्या भरलेल्या होत्या. मायनं अक्काला पुढ्यात बसवून खाऊ घातलं. पोर पोटात चांगलं वाढलं आणि वेळ आल्यावर अडलं. बैलगाडी दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. अक्का गेली, पोरही गेलं. त्यानंतर मायनं अक्काचं नाव घेणं सोडलं. तिचं लुगडं मात्र तिनं कुणाला दिलं नाही, ट्रंकेत तळाशी घालून ठेवलं.

गावात आठवड्याला नर्सबाई यायची. सायकल हातात धरून, घामाघूम होऊन. तिनं माझी खालची पापणी ओढून बघितली आणि तोंडानं च् च् केलं.

"बाई, तुमच्यात रक्तच नाही. शिकलेल्या तुम्ही, आणि हे असं? पोटातल्या बाळाला तुमच्या रक्तातूनच सगळं जातं ना. तुमच्याकडंच नसेल तर ते काय खाईल?"

तिनं कागदाच्या पुडीत लाल गोळ्या दिल्या. रक्तवाढीच्या. रोज एक, जेवणानंतर, चुकवायची नाही.

पहिली गोळी घेतली आणि तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव आली. सगळं जेवण उलटलं. दुसऱ्या दिवशी तीच गत. दुष्काळात ओकून टाकायला जेवण कुठून आणायचं? मी रडकुंडीला आले. मायनं माझ्या हातातली पुडी घेतली.

"दे हिकडं. गुळात घालून देते. कळायची बी न्हाई तुला."

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की माय डबा उघडायची. गुळाचा मऊ खडा काढायची, चुलीकडं तोंड करून तळहातावर मळायची, बोराएवढा करायची आणि माझ्या तोंडात घालायची. वर तांब्याभर पाणी.

"चावू नगं, गिळ. दाताला लागली की वास येतो."

मी गिळायची. वास येत नव्हता, मळमळ होत नव्हती. पंचविशीतली मी, चौथीच्या पोरांना भागाकार शिकवणारी, लहान मुलीसारखी तोंड उघडून तिच्यापुढं बसायची. ती माझ्या तोंडावरून हात फिरवायची. गूळ महाग झाला होता. ती स्वतः बिनगुळाचा काळा चहा प्यायची आणि माझ्यासाठी गूळ राखून ठेवायची. माझ्यावर एवढं प्रेम आणखी कोण करणार, असं मला रोज त्या घोटाबरोबर वाटायचं. आजही मला सगळ्यात जास्त चीड येते ती त्याच आठवणीची.

पुढच्या खेपेला नर्सबाईनं पापणी ओढून बघितली आणि ती गोंधळली. रंगात काडीचा फरक नव्हता.

"गोळ्या घेताय ना?"

"रोज."

तिनं जरा आवाज खाली आणून विचारलं, "परसाकडला काळं होतं का?"

मला भारी लाज वाटली. मी मान हलवून नाही म्हटलं.

"असं कसं? ह्या गोळ्यांनी काळं व्हायलाच पाहिजे. चुकवत तर नाही तुम्ही?"

मी काही बोलायच्या आत माय उंबऱ्यातून म्हणाली, "चुकवंल कशी? माझ्या हातानं देते की रोज, बाई."

केवढ्या ठसक्यात म्हणाली होती ती! मला मायचा अभिमान वाटला. नर्सबाईनं लातूरला जाऊन रक्त तपासून घ्यायला सांगितलं. माय म्हणाली, लई ऊन हाय, लेकरू दमून राहिलंय, जाऊ पुढच्या आठवड्यात. पुढचा आठवडा आला तेव्हा ती म्हणाली, त्याच्या पुढच्या.

मग दिवस भरायच्या आधीच एका सकाळी माझ्या कंबरेत कळ आली. गावात पाण्याचा टँकर आलेला होता. माझ्या भावानं ड्रायव्हरच्या हातापाया पडून आम्हाला केबिनमध्ये बसवलं. मागं रिकामी टाकी खडखडत होती. माझं डोकं मायच्या मांडीवर होतं आणि ती तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. लातूरच्या दवाखान्यात पोचल्यावर फार वेळ लागला नाही. इतकं सहज झालं सगळं, की डॉक्टरीणबाईलाच आश्चर्य वाटलं. सहज होणारच. अडायला पोटात होतंच किती?

मुलगी झाली. तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा मला वजन जाणवलं नाही. हात म्हणजे काटक्या. कातडी ढिली, जणू मोठ्या बाळाचं झबलं घातलं होतं. ती रडली तेही कुणाला ऐकू जाऊ नये असं. काट्यावर ठेवलं तर दोन किलोसुद्धा भरली नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होती. नव्या जिल्ह्यात नव्यानं आलेली, भाषेवरून पुण्याकडची वाटत होती. तिनं बाळामागून पडलेली वार ट्रेमध्ये घेऊन उलटसुलट करून पाहिली. मी मान वळवून बघत होते. फिकी, पसरट, मोठी होती.

"बाळ केवढंसं आणि वार बघा केवढी," ती म्हणाली. "तुमचं रक्त अगदी पातळ आहे. बाळाला पुरेना, म्हणून ही पसरत गेली. जास्त जागा धरायची आणि जास्त ओढून घ्यायचं, एवढंच तिला कळतं. कुणाकुणाची वारसुद्धा खुरटते. तुमची धडपडली बिचारी. पण मुळात रक्तातच नाही, तर ती तरी कुठून आणणार?"

मग ती माझ्याकडं वळली आणि तिचा आवाज चढला. तोवर माझा नवरा धावतपळत कचेरीतून येऊन दारात उभा राहिला होता. माय कोपऱ्यात होती. आमच्याकडं वार घरी नेऊन परसात पुरतात, म्हणून ती फडकं बांधायचं गाडगं घेऊन बसली होती.

"गावात नर्स येते ना? गोळ्या दिल्या होत्या ना?"

"घेतल्या मी सगळ्या."

"घेतल्या असत्या तर ही वेळ आली नसती. निदान खोटं तरी बोलू नका. शिक्षिका ना तुम्ही? खेड्यातल्या अडाणी बाईनं टाकल्या तर मी समजू शकते. आता हे मूल जगेल की नाही, मला सांगता येत नाही."

"अहो, रोज घेतल्या. माझ्या आईला विचारा."

सगळ्यांनी मायकडं पाहिलं. मीही पाहिलं, मोठ्या भरवशानं. आता ती उंबऱ्यातून बोलली होती तशी ठसक्यात बोलेल आणि ह्या पोरसवदा डॉक्टरणीला गप्प करेल, ह्याची मी वाट बघत होते.

मायनं मान खाली घातली. गाडग्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

डॉक्टरीणबाईनं मान उडवली आणि ती निघून गेली. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरलेले नाही. तिच्यात राग नव्हता, नुसती निराशा होती, ज्याच्याकडून अपेक्षा केली त्यानंच मातेरं केल्यासारखी. मग तो औषधं आणायला गेला.

खोलीत आम्ही दोघी उरलो, आणि कापसात गुंडाळलेली ती.

"गुळात काय होतं, माय?"

ती गाडग्याला फडकं बांधत होती. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"गूळ," ती म्हणाली.

"आन गोळ्या?"

"चुलीत टाकल्या. रोज एक."

मी ओरडलेसुद्धा नाही. अंगात तेवढा जोर नव्हता. ती आपणहून बोलायला लागली, माझ्याकडं न बघता.

"अक्काला म्या दूधतूप चारलं. पोर वाढलं, आडलं, आन दोगं बी गेली. माझ्या हातानं चारून मारलं म्या तिला. गावातल्या बाया म्हनत्यात, ह्या लाल गोळ्यानं पोर पोटात फुगतं. मंग कशी देऊ तुला? म्हनलं, बारकं ऱ्हाऊ दे, पर लेक सुखानं सुटंल. सुटलीस की न्हाई?"

"मला विचारायचं होतंस."

"तू ऐकली असतीस?"

"नाही."

"मंग?"

तिच्या लेखी तिथं विषय संपला होता. मी पोरीकडं बोट केलं. तिची छाती भरभर खालीवर होत होती.

"आन ही? ही मेली तर?"

मायनं तेव्हा वर पाहिलं. डोळे कोरडे होते.

"पोर दुसरं व्हईल, बाई. लेक मी कुठून आनू?"

ह्या वाक्यावर लोक डोळे पुसतील, मला माहीत आहे. माझ्या एका मैत्रिणीनं पुसले होते. मला मात्र तेव्हा एवढंच दिसत होतं, की माझ्या पोटातलं पोर कुणी जगवायचं नि कुणी पणाला लावायचं, हे माझ्या तोंडात गूळ घालून दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं होतं. आणि ज्या बाईनं हे केलं, तिला चारचौघांत एक वाक्यसुद्धा बोलवलं नव्हतं. गोळ्या जाळल्या ते भीतीपोटी, हे मी एखादवेळी समजून घेतलं असतं. पण डॉक्टरीण मला खोटारडी म्हणाली तेव्हा मायला कसली भीती होती? लेक तर सुटली होती सुखानं.

ती गाडगं घेऊन गावी गेली आणि तिनं परसात न्हाणीच्या दगडाजवळ वार पुरली. मला त्या वारेचा विचार फार दिवस छळत राहिला. माझ्या पोरीसाठी त्या दोन महिन्यांत मनापासून कष्ट केले ते तिनं. जिथं मिळत नव्हतं तिथं हातपाय पसरून मागत राहिली. माझी माय तिच्यावर माती लोटून, हात धुऊन परत आली.

हो, परत आली. मुलगी जगेल का, हे कुणीच सांगत नव्हतं. तिला अंगाशी धरून ऊब द्या, चमच्यानं दूध पाजा, एवढंच दवाखान्यातून सांगितलं होतं. माझ्यात उठून बसायचं त्राण नव्हतं. सासूला संधिवात. लातूरच्या त्या एका खोलीत मायनं मुलीला उघड्या छातीवर लुगड्याच्या पदरात बांधून घेतलं आणि ती भिंतीला टेकून बसली. ती दिवसचे दिवस तशीच बसून राहायची. मुलीनं डोळे नीट उघडले ते तिच्या छातीवर. अंग धरलं तेही तिथंच. मी ते बघत होते, आणि मला आभार मानावेत की तिला घराबाहेर काढावं, हे कळत नव्हतं. मी दोन्ही केलं नाही. तिच्या हातचं जेवत राहिले, पण आधी ताट नीट बघून.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "अगं, आई कशाला असं करेल? तुला मळमळ होत होती, राहिल्या असतील घ्यायच्या. जाऊ दे आता." माय तेव्हा तिथंच, मुलीला पदरात घेऊन बसलेली होती. ती मुलीच्या अंगावरचा पदर सारखा करत राहिली. एखाद्या मायनं लेकीला फसवलं, ह्यावर जगात कुणीच विश्वास ठेवायला तयार नव्हतं. लेकीनं आळस केला, हे सगळ्यांना चटकन पटत होतं. सासूनं तर ते अहमदपुरात घरोघर पोचवलं. शिकलेली सून, पण चार गोळ्या खाल्ल्या नाहीत, पोर वाळवलं. मुलगी उशिरा उभी राहिली तेव्हा तेच निघालं. दर पावसाळ्यात तिची छाती भरायची तेव्हा तेच. वर्गात ती सगळ्यांत पुढच्या बाकावर बसायची, कारण मागून तिला फळा दिसत नसे, एवढीशी होती. प्रत्येक वेळी मी मायकडं पाहायची आणि माय दुसरीकडं.

मुलगी मोठी झाली, शिकली, नांदेडला दिली. उंची बेताचीच, पण जीभ माझी घेतलेली. तिला दिवस गेले आणि तीही रीतीप्रमाणे माहेरी आली, म्हणजे माझ्याकडं. माय आता म्हातारी होऊन आमच्यातच राहत होती. डॉक्टरांनी मुलीचं रक्त तपासलं आणि तेच सांगितलं, जे नर्सबाईनं मला सांगितलं होतं. रक्त कमी आहे. गोळ्या दिल्या. पहिल्याच गोळीला मुलीनं मोरीत धाव घेतली.

"मला नाही जमत गं ही," ती डोळे पुसत म्हणाली.

बाजेवरून मायचा आवाज आला. "गुळात घालून दे तिला. कळायची न्हाई."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. माय काठी टेकत उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि डब्यातून गुळाचा खडा घेऊन बाहेर आली. ती माझ्यासमोर येऊन बसली, चुलीकडं तोंड करून बसायची तशी नाही. तिनं माझ्या डोळ्यांपुढं गोळी गुळात दाबली, वरून गूळ मळला, बोराएवढा केला. मुलीनं हात पुढं केला. मायनं तो खडा तिला दिला नाही. माझ्यापुढं धरला.

"आधी तू फोडून बघ," ती म्हणाली. "ह्या हातावर इसवास ठेवू नगं. तुझ्या बारीला म्या नुसता गूळ चारला व्हता."

पेपर खाली आला. नवऱ्यानं आधी मायकडं पाहिलं, मग माझ्याकडं. इतक्या वर्षांनी.

"म्हणजे काय, आजी?" मुलगी विचारत होती.

गोळी आत जाताना मी पाहिली होती. लाल, माझ्या डोळ्यांदेखत. तरी मी तो खडा हातात घेतला आणि मायसमोर बोटांनी फोडला. गोळी आत होती. गूळ पुन्हा मिटवून मी तो मुलीच्या तोंडात घातला आणि वर पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर माय पुन्हा खडा घेऊन आली आणि तिनं आधी माझ्यापुढं हात केला. तिसऱ्या दिवशीही. मुलीचे दिवस भरेपर्यंत ती रोज तशीच येत राहिली, हात पुढं करून, माझ्या तोंडाकडं बघत. राहू दे माय, एवढेच तीन शब्द तिला हवे होते, हे मला कळत होतं. मी रोज गूळ फोडत गेले.